खर्चासह नामंजूर

हुकूमनाम्याच्या शेवटी खर्चाचा तक्ता असतो, हे मला दावा जिंकेपर्यंत माहीत नव्हतं. 'दावा खर्चासह नामंजूर' असं निकालात आलं, तेव्हा आता वकिलांची फी, मोजणीचे पैसे, नकला, झेरॉक्स, तालुक्याच्या खेपा सगळं वसूल होणार, अशा समजुतीत मी होते. नक्कल हातात आली. तक्त्याची बेरीज दोन हजारांच्या आत होती. माझ्या वहीतली बेरीज साठ हजारांच्या वर.

प्रकरण नेहमीचंच. आमच्या घराची भिंत आपल्या बोळात आली आहे, म्हणून शेजाऱ्यांनी निरंतर मनाईचा दावा लावला. मोजणी झाली, भिंत आमच्याच हद्दीत निघाली. उलटतपासणीत त्यांनीच कबूल केलं की भिंत त्यांच्या खरेदीखताच्या आधीपासून आहे. तरी तारखा पडत राहिल्या, आणि अखेर दावा फेटाळला गेला.

पण तो तक्ता! वकील फीच्या रकान्यात जो आकडा होता, तेवढ्यात आमचे वकीलसाहेब एका तारखेलाही उभे राहिले नसते. मी विचारलं, मी दिलेल्या फीच्या पावत्या आहेत की. ते म्हणाले, "बाई, तक्त्यात धरलेली फी नियमानं दाव्याच्या किमतीवर निघते. दाव्याची किंमत किती? हजार रुपये." ही किंमत कुणी ठरवली? वादीनं. मनाईच्या दाव्याला अशी नाममात्र किंमत लावता येते, त्यामुळे कोर्ट फीसुद्धा किरकोळ लागते. म्हणजे ज्यानं मला कोर्टात ओढलं, त्यानं स्वतःच्या सोयीसाठी जो आकडा लिहिला, त्याच आकड्यावर माझं नुकसान मोजायचं. मी त्या दाव्यात कुठेच सही करून हजार रुपये मान्य केले नव्हते. मला ते कुणी विचारलंही नव्हतं. हे मला अजून पटत नाही, आणि ज्यांना सांगते ते "कायदाच तसा आहे" म्हणून चहा पितात.

दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम 35 अ आहे. दावा खोटा आहे हे ठाऊक असून लावला, तर भरपाईखातर जादा खर्च बसवता येतो. कमाल किती? तीन हजार रुपये. ही मर्यादा 1976 च्या दुरुस्तीतली. ती तोकडी आहे हे सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये सांगितलं, 2011 मध्ये ती लाखापर्यंत न्यावी असं सुचवलं, विधी आयोगानं 2012 मध्ये खर्चावर स्वतंत्र अहवाल दिला. 2015 च्या कायद्यानं मर्यादा उठली ती व्यापारी वादांपुरती. भिंतीचं भांडण व्यापारी नव्हे. आम्ही कैफियतीत 35 अ मागितलं होतं, पण वादीला दावा खोटा असल्याचं माहीत होतं हे सिद्ध झालं नाही, असं निकालात आलं.

उरलेले दोन हजार तरी सोडायचे नाहीत, म्हणून दरखास्त लावा म्हटलं. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तेवढ्यासाठी पुन्हा वकील?" मुदत बारा वर्षांची आहे, मी कशाला थांबू? नोटीस निघाली आणि शेजाऱ्यांनी पैसे कोर्टात भरले. चेहऱ्यावर फाइल बंद केल्याचं समाधान. पैसे घेताना मला मात्र कसलाच आनंद झाला नाही.

कुणावर दावा आला असेल तर माझं ऐका. पावती घेतल्याशिवाय फी देऊ नका. आदेश 20 अ मध्ये नोटिसा, टंकलेखन, साक्षीदार यांचाही खर्च धरता येतो. युक्तिवाद संपताना खर्चाची यादी दाखल करायला वकिलांना सांगा. खर्च प्रत्यक्ष आणि वाजवी असावा, हे सर्वोच्च न्यायालय 2005 पासून सांगत आहे. खालच्या कोर्टात ते वाचून दाखवावं लागतं.

एवढं सगळं म्हटल्यावर एक गोष्ट मला अडवते. माझ्या विधवा बहिणीनं दिरांविरुद्ध वाटणीचा दावा लावला होता, आणि ती हरली. दिरांचे वकील जिल्ह्याहून यायचे. त्यांची खरी फी तिच्यावर बसली असती, तर तिचं राहतं घर गेलं असतं. त्या भीतीनं तिनं दावाच लावला नसता. तेव्हा नाममात्र खर्च बघून मी देवाचे आभार मानले होते.

मग मला नक्की काय हवंय? तिच्यासाठी एक आणि माझ्यासाठी दुसरा नियम? हो, तसंच म्हणा हवं तर. तिला आपला हक्क खरा वाटत होता. इथे मोजणीचा नकाशा हातात पडल्यावरही माणूस तारखा घेत राहिला. निदान त्या दिवसापासूनचा खर्च तरी पुरा द्यायला लावा. हा फरक न्यायाधीशांना कळत नाही असं मी मानायला तयार नाही. भाऊ म्हणतो, आता सोड. सोडलं असतं, पण परवा शेजाऱ्यांनी गटाराबद्दल काहीतरी बोलायला सुरुवात केली आहे.