क्लचवरून पाय काढा

ऐंशीच्या वेगात नवशिक्याची गाडीही मऊ चालते आणि पाचच्या वेगात भल्याभल्यांची गचके खाते. याचं कारण यंत्रातच आहे. छोट्या गाडीत पहिल्या गिअरवर इंजिनाचे साधारण चौदा-पंधरा फेरे होतात, तेव्हा कुठे चाकाचा एक फेरा पुरा होतो. इंजिनाचा जोर तितक्या पटीने वाढून चाकापर्यंत पोचतो, आणि पायाची चूकही त्याच पटीने वाढते. त्यात गिअरच्या दातांमध्ये, ॲक्सलच्या सांध्यांत थोडी ढिलाई असते आणि इंजिन स्वतः रबराच्या माउंटिंगवर हलत असतं. ॲक्सिलरेटर दाबला की ही सगळी ढिलाई एका बाजूला ताणली जाते, सोडला की उलट बाजूला. शेजारी बसलेल्याची मान हलते ती याच वेळी. यावर सर्वत्र एकच सल्ला मिळतो: हाफ क्लच शिका. मला तो अर्धाच पटतो. गाडी थांबलेली असताना तिला हलवायला हाफ क्लचला पर्याय नाही. पण रांगेत रांगताना क्लचवर नाचवलेला पाय हे कसब नव्हे, ती सवय आहे, आणि महागडी आहे.

क्लच अर्धा सोडलेला असतो तेव्हा क्लच प्लेट एका बाजूने फ्लायव्हीलला आणि दुसऱ्या बाजूने प्रेशर प्लेटला घासत असते. दोन-तीन सेकंद घासणं तिच्या कामातच धरलेलं आहे. पाच मिनिटांच्या रांगेत सारखं घासणं मात्र नाही. मग तो जळका वास येतो. तेव्हा गाडी हलली की क्लच पूर्ण सोडावा. इंजिन बंद पडेल ही भीती सपाट रस्त्यावर बहुतेक वेळा निराधार असते. हिशोब करून पाहा. आयडलला इंजिन मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेतं, म्हणजे चाक पंचावन्न. चाकाचा परीघ सुमारे पावणेदोन ते १.८ मीटर, म्हणजे ताशी सहा किलोमीटर: माणसाच्या भरभर चालण्याचा वेग. ओढ वाढून फेरे कमी होऊ लागले, तर आजच्या इंजिनातला संगणक आपणहून हवा-इंधन वाढवून ते सावरतो. कार्बोरेटरच्या इंजिनाला हा आधार नव्हता. तिथे आयडल एका स्क्रूवर बेतलेलं असे. दुसऱ्या गिअरवर हाच वेग दहा-बाराच्या घरात जातो. डिझेल गाडी तर हे काम अधिकच निश्चिंतपणे करते. दोन्ही पाय मोकळे ठेवून गाडी चालते, आणि पेडलच हलत नसल्यामुळे गचक्याला कारणच उरत नाही.

मग सगळेच असं का चालवत नाहीत? कारण रांग सहाच्या वेगाने जात नाही. ती बाराने धावते आणि शून्यावर थांबते. सरासरी तेवढी सहाची. पुढच्या बंपरला चिकटून राहणाऱ्याला तिचा प्रत्येक झटका उचलावा लागतो. पुढे दोन-तीन गाड्यांची जागा ठेवणाऱ्याला ती जागा कमी-जास्त करत आपला वेग कायम राखता येतो. म्हणून माझ्या मते संथ गाडी चालवण्याचं कसब पायात थोडं आणि पुढच्या अंतरात जास्त आहे. जपानी संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवावा. २३० मीटरच्या वर्तुळावर बावीस गाड्या एकाच वेगाने चालवायला सांगितल्या. ना सिग्नल, ना खड्डा, तरी थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि ती मागे मागे सरकू लागली. पुढे ॲरिझोनात अशाच वर्तुळात एकच स्वयंचलित गाडी अंतर राखून एकसारखी चालवली, तर सगळ्यांचंच ब्रेक दाबणं घटलं.

‘अंतर ठेवलं की रिक्षा घुसते’ हा आक्षेप खरा आहे. घुसते. पण एक रिक्षा घुसल्याने सहाच्या वेगात फार तर चार-पाच सेकंद जातात. हिंजवडीतून संध्याकाळी सुटणाऱ्या रांगेत अशा दहा घुसल्या तरी मिनिटभरच उशीर. सिग्नल हिरवा झाल्यावर मात्र रेंगाळू नये. तिथे आपलं अंतर म्हणजे मागच्यांचा हुकलेला सिग्नल.

दुसरा आक्षेप घाटाचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. सुट्टीच्या सकाळी बोरघाटात भरलेली गाडी आयडलवर चढत नाही. पण तिथे हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं हा तर क्लच जाळण्याचा सर्वात जलद मार्ग. हँडब्रेक ओढावा, पुढे चार गाड्यांची जागा होऊ द्यावी आणि मग एका दमात चढावं. दहा छोट्या सुरुवातींपेक्षा दोन मोठ्या बऱ्या. ऑटोमॅटिक घ्यावी म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की एएमटी प्रकारच्या ऑटोमॅटिकमध्येही क्लच प्लेटच असते. दाबणारा पाय तेवढा आपला नसतो. चिकटून रांगलं की तीही तापते.

तेव्हा पुढच्या रांगेत सपाट रस्ता पाहून पहिल्या गिअरवर क्लच पूर्ण सोडा, डावा पाय बाजूला टेकवा, उजवा ब्रेकवर तयार ठेवा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या, पुढच्या थांब्यावर तोही तुमच्या मागेच असेल.