ताईची नव्हे, 'ताई ची'!

'ताई ची' म्हणजे कोणाच्या तरी ताईची वस्तू नव्हे बरं का, मुलांनो! हा चीनमधला व्यायाम आहे. खरं तर युद्धकलाच. हेनान प्रांतात चेन घराण्याचं एक गाव आहे. सतराव्या शतकात ती तिथं रुजली, असं मानतात. २०२० साली युनेस्कोनं तिला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पण लांबून बघाल तर म्हणाल, ही कसली युद्धकला? माणसं पाण्याखाली चालल्यासारखी हळूहळू हलताहेत!

सिंगापूरला आम्ही राहायचो तिथं इमारतीचा तळमजला मोकळाच होता. शेजारचे चिनी आजी-आजोबा सकाळी तिथं ताई ची करत. त्या वर्षी आई पुण्याहून आली होती. त्याआधी न्हाणीघरात घसरून तिचं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, प्लॅस्टर निघालं, पण भीती काही निघेना. जमिनीकडे बघत, भिंत धरून इवलीशी पावलं टाकायची. रस्ता ओलांडायचं तर नावच नको. माणूस असा घाबरून चालणं सोडतो ना, तसे पायांचे स्नायू दुबळे होतात आणि पडण्याचा धोका आणखीच वाढतो.

डॉक्टरांना विचारून मी तिला खाली नेलं. शिकवणाऱ्या आजोबांना सगळे 'लाओशी' म्हणत, म्हणजे गुरुजी. त्यांना मराठी येत नव्हतं, आईला चिनी. सगळा कारभार खाणाखुणांनी! पहिले पंधरा दिवस त्यांनी फक्त चालायला शिकवलं. बहात्तर वर्षांच्या बाईला चालायला!

कसं ते सांगते. गुडघे किंचित वाकवायचे. सगळं वजन डाव्या पायावर न्यायचं. आता उजवा पाय 'रिकामा' झाला. तो उचलून पुढे टाच टेकवायची. पाऊल टाकायचं, पण वजन टाकायचं नाही! खालची जमीन पक्की आहे अशी खात्री पटली, की मग सावकाश तो पाय 'भरायचा'. ओढ्यातल्या डगमगत्या दगडावर आपण पाय ठेवतो ना, अगदी तसं. दगड हलला तर पाय मागे घेता येतो. खोली ओलांडायला पूर्ण एक मिनिट लावून बघा, मांड्या भरून येतात की नाही ते सांगा. भरभर चालताना तोल गेला तरी पुढचं पाऊल सावरून घेतं. सावकाश चालताना ती सोय नाही.

हात नुसते हलवायचे नाहीत. कंबर वळते, तिच्यामागून हात येतात. त्यामुळे पोटाचे आणि पाठीचे स्नायू गुपचूप कामाला लागतात. नजर मात्र समोर. डोळे, कानाच्या आतल्या द्रव भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि तळपायांकडून येणारे निरोप, असे तिघं मिळून आपला तोल सांभाळतात. भिंतीजवळ एका पायावर उभं राहून डोळे मिटा. तिघांपैकी एक गैरहजर राहिला की काय होतं ते कळेल!

पुढे चोवीस हालचालींचा संच आला. तो १९५६ साली चीनमध्ये बसवला गेला. करकोचा पंख पसरतो, हात ढगांसारखे वाहतात, अशी छान छान नावं. आईला एका पायावर उभं राहणं शेवटपर्यंत नीट जमलं नाही.

चौथ्या महिन्यात एका सकाळी पाऊस पडून गेला होता. खालची फरशी ओली होती. मी हात पुढे केला.

"थांब गं," आई म्हणाली. टाच टेकवली, अंदाज घेतला, मग वजन टाकलं. अशी एकटीच रस्त्यापलीकडच्या दुकानात जाऊन कोथिंबीर घेऊन आली. केवढी महाग होती, तेही आल्या आल्या सांगितलं!