पेटी पुन्हा धरताना

नोकरी, संसार आणि चळवळीची धावपळ यांत पेटी एकदा सुटली की सुटतेच. आमची वीस वर्षे सुटली होती. आम्ही पेणला राहतो. गायन पार्टी रोह्याची. पार्टीतल्या पेटीवाल्या काकांची बोटे वळेनाशी झाली, तेव्हा पोरे मोबाईलवर तयार ट्रॅक लावून गाऊ लागली. ट्रॅक गाणाऱ्यासाठी थांबत नाही. आमच्या ताई काळी चारला गाणाऱ्या, पण तो आपलाच सूर धरून बसतो. शेवटी काकांनी पेटी आमच्यापुढे सरकवली. "भाऊ, चौदा एप्रिलला तुम्हीच बसायचं."

पहिल्या रविवारी अर्ध्या तासात मनगट लाकडासारखे झाले, डावा खांदा कानाला लागला. आमची नोकरी कारकुनाची, दिवसभर बोटे संगणकावर. धाटावच्या कारखान्यात पाळी करून संध्याकाळी ढोलकीला बसणाऱ्या बांधवांच्या हातांचे तर विचारूच नका.

काकांनी पेटीचे वरचे झाकण काढून दाखविले. पट्टी दाबली की आत एक झडप उघडते, भात्यातला वारा सुटतो आणि सुराची पितळी जीभ थरथरते. पियानोत हातोडी तारेवर पडते, म्हणून तिथे बोटाच्या जोराला अर्थ आहे. पेटीत झडप उघडली की बोटाचे काम संपले. पुढे कितीही दाबा, आवाज तसूभर वाढत नाही; हात मात्र दुखतो. आवाज वाढतो तो भात्याने. ढोलकीच्या वर ऐकू यावे म्हणून पट्ट्यांवर बोटे आपटणारे वादक आम्ही अनेक पाहिले. त्यांनी माईक पेटीजवळ घ्यावा, बोटे वाचवावीत.

मग आम्ही गाणे बाजूला ठेवले. एकेक पट्टी सावकाश दाबायची, सूर लागला की तिथेच बोट सैल सोडायचे. रोज दहा मिनिटे, त्याहून जास्त नाही. वर जाताना मधल्या बोटाखालून अंगठा काढला की मनगटाला हिसका बसत नाही. पेटी पाटावर ठेवली, तेव्हा कोपर पट्ट्यांच्या उंचीला आले आणि खांदा आपोआप उतरला. भाता घाईने हलवायचा नाही, लांब आणि संथ ओढायचा. काकांच्या पेटीचा भाता घडीवर फाटलेला होता. वारा गळत असल्यामुळे डाव्या हाताला दुप्पट राबावे लागे. तो आधी शिवून, चिकटवून घेतला. अशी फुटकी पेटी पुढ्यात घेऊन किती पोरांनी 'आपल्याला जमत नाही' म्हणून नाद सोडला असेल!

आमच्या पेणचे मूर्तिकार गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात, ती जरूर पाहावी. हाताला टेकू, कुंचला हलका, श्वास शांत. कुंचला आवळून धरला तर रेघ थरथरते. पेटीचेही तसेच.

दुखले तर मात्र थांबावे. दुखणे अंगावर काढून वाजविणे ही बहादुरी नव्हे. लिऑन फ्लायशर या अमेरिकन पियानोवादकाच्या उजव्या हाताची दोन बोटे १९६०च्या दशकात आत वळू लागली. तीसेक वर्षे त्याला मुख्यतः डाव्या हातावर भागवावे लागले. रात्री अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर होत असतील, मुंग्या येत असतील, तर मनगटातली नस दबलेली असू शकते. तेलमालिशीत वेळ न घालविता डॉक्टरांना दाखवावे.

वय झाले, आता काय जमणार, असे कुणी म्हणाले तर बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हे त्यांना आठवून द्यावे.

चौदा एप्रिलला आठ गाणी वाजविली. तिसऱ्या गाण्याला खांदा वर चढला. मागे बसलेल्या काकांनी नुसता हात ठेवला, तो उतरला. ताई काळी चारलाच गायल्या, आणि एक कडवे लोकांनी पुन्हा मागितले तेव्हा आम्हांला मागे फिरता आले. आता रविवारी नववीतली एक मुलगीही पेटीला बसते. तिची बोटे आखूड आहेत, म्हणून तिला अंगठ्यापासूनच सुरुवात करून दिली आहे.