काल चाललं म्हणून

जबलपूरला आर्मरर होतो तेव्हाची गोष्ट. एक .३८ रिव्हॉल्वर न तपासताच रजिस्टरवर सही करायला निघालो. म्हटलं, काल रेंजवर ठीक चाललं. उस्तादांनी पेन काढून घेतलं. "कल चला, इसलिए आज भी चलेगा?" मग सिलिंडरवरच्या खाचांवर बोट ठेवलं.

त्या खाचांचं मोल पुढे कोल्टबद्दल वाचताना कळलं. १८७३चं सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वर बंदुकीच्या काळ्या दारूसाठी बनलेलं. .४५चं काडतूस जाड, म्हणून सिलिंडरच्या भिंती पातळ. त्यात सिलिंडर अडवणारी खाच नेमकी काडतुसाच्या घरावर. अमेरिकेचे एल्मर कीथ त्यात जड गोळी आणि ठासून दारू भरत. १९२५मध्ये त्यांचं सिलिंडर फुटलं. मग ते .४४ स्पेशलकडे वळले. भोक लहान, भिंत जाड. .४४ मॅग्नमची वाट तिथूनच निघाली.

फुटण्याआधीचा प्रत्येक राउंड 'ठीक'च गेला असणार. जास्तीचा भार धातू मुकाट्याने सोसतो, आवाज शेवटी एकदाच येतो.

आमच्या त्या रिव्हॉल्वरचं सिलिंडर लॉक होऊनही हलत होतं. ते दुरुस्तीला गेलं. ते कुणाच्या कमरेला जाणार होतं, हे मला माहीत होतं. त्यानंतर न तपासता सही केली नाही.

जय हिंद.