पैनगंगेकाठचा डबा

वाशीम आणि हिंगोली जिल्ह्यांच्या शिवेवरून पैनगंगा वाहते, तिच्या काठी आमच्या आजोळच्या वावरात एक पडका वाडा आहे. वाडा म्हणायचं ते जुन्या मानापोटी. हातभर रुंद मातीच्या भिंती, सागवानी चौकटीची एकच उरलेली बाजू आणि अंगणात बुजत आलेलं पेव. पूर्वी त्यात वर्षाची ज्वारी उतरायची. पेव उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडत. तो विझला तर त्या दिवशी आत कुणी उतरायचं नाही.

पुण्याहून आलेला भाचा म्हणाला, "मामा, इथं जिओकॅशचा डबा ठेवू." म्हणजे एकानं डबा लपवायचा आणि दुसऱ्यानं तो जीपीएसवर शोधायचा. अमेरिकेनं नागरी जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ओरेगनच्या रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जगाला सांगितले. झाला खेळ सुरू! नेम साधे आहेत. डबा पुरायचा नाही, सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं, काही उचललं तर तोडीस तोड काही ठेवायचं.

पुरायचा नाही, हे मला फार आवडलं. पुरलेल्या वस्तूंची आमच्याकडे कीर्ती बरी नाही. गुप्तधनाच्या नादानं वऱ्हाडातल्या गढ्या पोखरल्या गेल्या. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर सरकारला कळवावं, असा १८७८चा कायदा आहे. पण अमावस्येच्या रात्री कुदळ घेऊन निघालेला माणूस कायदा वाचून निघत नाही.

आणि आकड्यांचं म्हणाल, तर वाशीमला त्यांचं नवल नसावं. हे वाकाटकांचं वत्सगुल्म. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कर या ज्योतिर्विदानं 'महाभास्करीय'त लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरची ठिकाणं सांगितली, त्यांत अवंतीबरोबर हेही नगर आहे. म्हणजे पूर्व-पश्चिम मोजायची ती आमच्या वेशीपासून! गावातलं मध्यमेश्वराचं देऊळ अजून त्या रेषेची आठवण सांगतं. फोन वाशीमला उज्जैनच्या सव्वा अंशाहून जास्त पूर्वेला ढकलतो. ढकलू दे.

मला मात्र आकड्यांहून जास्त भुरळ पडते ती १९३९ साली उजेडात आलेल्या वाशीमच्या ताम्रपटाची. वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीनं आपल्या ३७व्या राजवर्षात एक गाव दान दिलं. त्याचा ठावठिकाणा असा : नांदीकडाच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तर मार्गातलं, ताकालक्खोप्पकाजवळचं आकासपद्द. शेजाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय गावाचा पत्ताच पुरा होत नाही. आमच्या वावरांचंही तेच. धुरा कुणाचा, पांदण कुठून, नाला वरच्या अंगाला की खालच्या, हे सांगितलं की माणूस अंधारातही पोचतो.

भाच्यानं डबा लपवला आणि मला शोधायला धाडलं. फोननं चार-पाच मीटरवर आणून हात वर केले. मी चौकटीमागं पाहिलं, गव्हाणीत हात घातला, निंबाच्या ढोलीत डोकावलो. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारबुवा आले.

"काय हुडकून राह्यले जी? धन हाय का इथं?"

"नाही हो, डबा आहे."

"धन असतं तं म्या ठेवलं असतं का?" असं म्हणत त्यांनी काठीनं पेवाच्या तोंडाशी पडलेला दगड दाखवला. तो कालच्या जागी नव्हता, एवढं त्यांना पुरलं. डबा दगडामागंच होता.

वहीतले आकडे पाहून ते हसले. "आकडे कायले? लिवा, डोहाच्या वरच्या अंगाले, बाभळीच्या धुऱ्यापासून वाड्यात, बुजल्या पेवापाशी." भाच्यानं निमूट लिहून घेतलं. बुवांनी नातीसाठी एक काचेची गोटी उचलली आणि पिशवीतून बैलाच्या गळ्यातलं जुनं पितळी घुंगरू काढलं. भाचा म्हणाला, हे जास्तीचं होतंय. बुवांनी ऐकलं नाही. घुंगरू घातल्यावर झाकण लागेना, तेव्हा भाचा दुसरा डबा आणायला गावाकडे निघाला.