कमळ, पिंजरा आणि पाटाचं पाणी

मकावमध्ये ‘ग्रँड लिस्बोआ’ या कॅसिनो-हॉटेलबद्दल लोक बोलू लागले की इमारत चांगली की वाईट, यावर क्वचितच येतात. ती कशासारखी दिसते, हेच सांगतात. बांधणाऱ्यांच्या मते ते कमळ आहे. मकावच्या झेंड्यावरही कमळ असल्यामुळे ही उपमा सरकारदरबारी शोभूनही दिसते. गावात मात्र कुणी तिला अननस म्हणतं, कुणी नर्तकीच्या डोक्यावरचा पिसांचा तुरा. पायथ्याशी रात्रभर रंग बदलणारा प्रचंड अंडाकृती घुमट, आणि त्यातून वर जाऊन फाकलेल्या सोनेरी पाकळ्या. हाँगकाँगच्या डेनिस लाऊ आणि इंग चुन मान यांच्या संस्थेनं तिचा आराखडा केला. २००७ मध्ये आतला कॅसिनो सुरू झाला, २००८च्या अखेरीस हॉटेल. अडीचशे मीटरहून उंच असलेली ही इमारत जुन्या मकावच्या जवळजवळ प्रत्येक गल्लीच्या टोकाला दिसते.

तिच्या शेजारचं जुनं ‘लिस्बोआ’ १९७० सालचं. त्याच्या गोल बांधणीला लोक पक्ष्याचा पिंजरा म्हणत आले आहेत: आत शिरलेला पक्षी सुटत नाही. दरवाजा म्हणजे वाघाचा जबडा, असंही सांगतात. जवळच उभी असलेली बँक ऑफ चायनाची १९९१ची इमारत म्हणजे सुरीचं पातं. ते पातं परतवण्यासाठी नव्या हॉटेलाला तशा धारदार पाकळ्या दिल्या, अशीही एक कथा आहे. यातलं किती वास्तुविशारदांच्या मनात होतं याला फारसं महत्त्व नाही. ज्या गावाला इमारत बांधण्याआधी कुणी काही विचारलं नाही, त्या गावानं ती बांधून झाल्यावर केलेली ही समीक्षा आहे, आणि मी ती गंभीरपणे घेतो.

विचारलं नाही, हे मकावच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. १९९९च्या डिसेंबरपर्यंत तिथला गव्हर्नर पोर्तुगालहून नेमून येई. त्यानंतरचा मुख्य प्रशासक एक समिती निवडते. उद्योगपती स्टॅन्ली हो यांच्या कंपनीकडे १९६२ पासून चार दशकं जुगाराचा मक्ता होता. २००२ मध्ये तो इतरांना खुला झाला, २००४ मध्ये पहिला अमेरिकी कॅसिनो उघडला आणि २००६ मध्ये मकावच्या जुगाराच्या उत्पन्नानं लास व्हेगासच्या मुख्य रस्त्याला मागे टाकलं. या धावपळीत जमिनी आणि बांधकामं ज्यांच्या सहीनं मंजूर होत, ते सचिव आव मान लाँग २००६च्या डिसेंबरात लाचखोरीसाठी पकडले गेले आणि २००८ मध्ये त्यांना २७ वर्षांची शिक्षा झाली. अशा दिवसांत टपरीवर चहा पिणाऱ्या माणसाच्या हाती उपमेशिवाय काय होतं?

मी पणजीचा. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अधिकाराखाली चालत असे, त्यामुळे तिथे गेलो तेव्हा दूरच्या नात्यातल्या घरी गेल्यासारखं वाटलं. सेनादो चौकातली काळ्या-पांढऱ्या दगडांची लाटांची फरसबंदी, पिवळ्या भिंती, हिरव्या खिडक्या, देवळाच्या अंगाला लागून असलेलं चॅपेल. पणजीतल्या फोंताइन्यासच्या माणसाला हे सगळं ओळखीचं. आणि त्या कौलांवरून एकदम वर आलेल्या त्या पाकळ्या. मला राग आला, हे स्वच्छ सांगतो. उंचीचा राग नव्हता. मुंबईतही उंच इमारती बघतोच. राग या गोष्टीचा, की ती इमारत खालच्या गल्लीकडे बघतच नाही. तिची नजर सीमेपलीकडून येणाऱ्या पाहुण्यावर आहे.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. मकावच्या सरकारी नोकरांना, चांद्र नववर्षाचे पहिले तीन दिवस सोडले, तर कॅसिनोत जायला बंदी आहे. २०१९च्या अखेरीपासून जुगारघरांत काम करणाऱ्यांनाही कामाच्या वेळेबाहेर तिथं जाता येत नाही. म्हणजे गावातल्या खूप माणसांच्या वाट्याला येतं ते कॅसिनोचं फक्त बाह्यांग. आतली झुंबरं, गालिचे, टेबलं पाहुण्यांसाठी. दर्शनी भाग, उंची, सावली आणि रात्रीचा झगमगाट गावासाठी. पाहुण्याला बाहेरचं रूप दारातून आत शिरेपर्यंतच दिसतं. गावकऱ्याला ते जन्मभर दिसणार असतं. मग आराखड्यावर पहिला हक्क कुणाचा?

मकावमध्ये या प्रश्नावर लोकांना एकदा पाय रोवता आले, पण ते हॉटेलच्या बाबतीत नव्हे. गिया टेकडीवर १८६५चं दीपगृह आहे, चीनच्या किनाऱ्यावरचं पाश्चात्त्य धर्तीचं पहिलं. २००५ मध्ये मकावचा ऐतिहासिक भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यात तेही आलं. दोनच वर्षांत टेकडीच्या पायथ्याशी उंच इमारतींचे बेत पुढे आले. त्यातली एक सव्वाशे मीटरच्या आसपास जाणार होती. दीपगृहाचा प्रकाश समुद्राकडे जातो ती वाटच बुजणार, हे रहिवाशांनी ओळखलं. त्यांनी गट केला, थेट युनेस्कोला लिहिलं. २००८च्या एप्रिलमध्ये सरकारनं परिसरातल्या बांधकामांना उंचीची मर्यादा घातली. त्या इमारतीच्या जागेसाठी ती साडेबावन्न मीटर होती. तोवर इमारत ऐंशी मीटरपर्यंत चढलेली होती. तिथंच ती थांबली आणि वर्षानुवर्षं अर्धवट सांगाड्यासारखी उभी राहिली.

अननस म्हणणारा आणि दीपगृहाची वाट बुजते म्हणणारा, दोघांची तक्रार मला एकच वाटते: आमच्या डोळ्यांसमोर काय उभं राहणार ते आम्हाला न विचारता ठरलं. दुसऱ्याला वारशाच्या कायद्याची भाषा सापडली म्हणून कचेरीला ऐकावं लागलं. पहिल्याचं म्हणणं चहाच्या टपरीवरच राहिलं.

आमच्या मांडवी नदीत तर इमारतसुद्धा नाही. १९७६च्या गोव्यातल्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट मिळाली, १९९६ मध्ये जहाजांवरच्या कॅसिनोंना. त्यानंतर पणजीसमोर आलेली ही बहुमजली जहाजं नांगर टाकून आहेत. ती कुठं जात नाहीत. गिऱ्हाइकं छोट्या बोटींनी त्यांच्याकडे जातात. परवाने, शुल्क, सांडपाणी, रस्त्यावरची कोंडी यांवर गोव्यात खूप बोललं गेलं आणि ते बोलायलाच हवं होतं. पण बेतीच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं पणजीला येणाऱ्या माणसाला रात्रीची नदी कशी दिसावी, हा प्रश्न कुठल्याही फाइलीत आल्याचं मला आठवत नाही. २०२० पासून गोमंतकीयांना या कॅसिनोंत प्रवेश नाही. त्या निर्णयाचं मी स्वागतच केलं. मात्र त्यामुळे आमचीही गत मकावच्या सरकारी कारकुनासारखी झाली. पाण्यावर पसरलेले ते जांभळे-लाल दिवे, एवढाच आमच्या वाट्याचा कॅसिनो.

पुढे पेडणे तालुक्यात धारगळला कॅसिनोच्या धंद्यातल्याच एका कंपनीच्या मोठ्या रिसॉर्टचा प्रस्ताव आला. गुंतवणूक मंडळानं २०२२ मध्ये त्याला मान्यता दिली. अशा प्रकल्पाचं जे चित्र छापून येतं, त्यात निळे तलाव, काचेचे मनोरे आणि हिरवळ असते. गावातून आलेला आक्षेप त्या चित्रावर नव्हता, निदान वरवर पाहता नव्हता. ही जमीन तिळारीच्या लाभक्षेत्रातली आहे, ती शेतीसाठी राखलेली आहे, असं लोकांनी म्हटलं. मला तर तो आराखड्यावरचा सगळ्यात नेमका अभिप्राय वाटला. तिळारीचं धरण दोडामार्गात, महाराष्ट्र आणि गोवा दोघांनी मिळून बांधलेलं. त्यासाठी सिंधुदुर्गातली गावं उठली. ज्यांची घरं पाण्याखाली गेली, त्यांना हे पाणी शेताला जाईल असं सांगितलं होतं. तरणतलावाला जाईल असं नव्हे.

म्हणून कॅसिनो-हॉटेलचा नवा आराखडा आला की त्रिमितीय चित्राआधी काही कागद ग्रामसभेपुढे मांडले जावेत, एवढी माझी मागणी आहे. पाट कुठून येतो आणि कुठं जातो, याचा नकाशा. पावसाळ्यात उतारावरचं पाणी कुठं उतरणार, त्याची पातळी. सर्वांत जवळच्या घराच्या अंगणातून इमारत किती उंच दिसेल, ते त्या अंगणात उभं राहून काढलेलं चित्र. रात्री बाहेरचे दिवे किती वाजता मालवणार, ती वेळ. आणि सभेत कुणी म्हणालं की हे अननसासारखं दिसतं, तर तेही इतिवृत्तात लिहून घ्यावं.