घर पाहावं... बार्सिलोनात!

हॉरर फिल्म बघताना आपण सगळेच एक उद्योग करतो. सोफ्यावर लोळत पडद्यावरच्या माणसांना शहाणपणा शिकवतो. ‘अरे, आत जाऊ नका!’ ‘अगं, पळ की आता!’ ‘पारा एन्त्रार आ विविर’ ही स्पॅनिश फिल्म बघताना मीही तेच केलं होतं. पॉपकॉर्न खात खात. मग बार्सिलोनाला गेले आणि माझी बोलती बंद झाली.

आधी फिल्मविषयी. झाउमे बालागेरो या दिग्दर्शकाची २००६ ची ही टीव्ही फिल्म, जेमतेम सत्तर मिनिटांची. स्पॅनिश टीव्हीवर भयकथा रुजवणाऱ्या नार्सिसो इबान्येस सेरादोर यांच्या सहा फिल्म्सच्या मालिकेतली एक. क्लारा आणि मारिओ हे तरुण जोडपं. क्लाराला दिवस गेलेत आणि दोघांना घर हवंय. शहराबाहेरच्या एका ओसाड बिल्डिंगमध्ये ते फ्लॅट बघायला जातात. एजंट बाई भलतीच उत्साही. आणि मग त्या परक्या घरात त्यांना स्वतःच्याच ओळखीच्या वस्तू दिसायला लागतात! पुढचं सांगत नाही. इतकंच सांगते, की बाईला भाडेकरू हवेच असतात. कसेही करून.

नावातली गंमत म्हणजे ‘पारा एन्त्रार आ विविर’ हे स्पेनमधल्या घरांच्या जाहिरातींतलं ठरलेलं वाक्य आहे. आपल्याकडचं ‘रेडी टू मूव्ह’. बॅग उचला आणि राहायला या. फिल्म आली तेव्हा स्पेनमध्ये बांधकामाची नुसती धूम होती. २००८ मध्ये तो फुगा फुटला, कर्जं थकली आणि हजारो कुटुंबांवर घर सोडायची वेळ आली. बालागेरोनं ती भीती आधीच हुंगली होती की काय, कोण जाणे.

तर, बार्सिलोना. माझी कॉलेजची रूममेट तिथे मास्टर्स करते. गेल्या वर्षी मी तिच्याकडे गेले, पण पहिल्या दोन रात्री टुरिस्ट फ्लॅट घेतला होता. छोटी बाल्कनी, पायाखाली नक्षीदार जुन्या टाइल्स. मी सॉल्लिड फोटो काढले. ती आली, बाल्कनीत उभी राहिली आणि म्हणाली, “अशी घरं बघायलाच मिळत नाहीत गं आम्हाला. सगळी तुम्हालाच.” हसत म्हणाली, पण लागलं. तिला महिनाअखेरीस राहती खोली सोडायची होती आणि दुसरी मिळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. माझ्याकडे फिल्म्सची यादी, तिच्याकडे खोल्यांची. माझं पहिलं ठिकाण, रांब्ला दे कातालुन्या, नंबर ३४. बालागेरोनं पाको प्लासासोबत केलेल्या ‘रेक’ (२००७) या फिल्ममधली बिल्डिंग. बाहेरून इतकी देखणी, की भीती वाटायच्या ऐवजी आत राहावंसं वाटतं. समोर झाडं, कॅफे, उन्हात बसलेले आजी-आजोबा.

हा सगळा भाग म्हणजे एशाम्पल. इल्देफोन्स सेर्दा या इंजिनिअरनं एकोणिसाव्या शतकात आखलेला. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोनी ब्लॉक्स, कोपरे तिरपे कापलेले. चौकात मोकळी जागा राहावी म्हणून. पण आतल्या खोल्यांच्या नशिबी बऱ्याचदा बिल्डिंगच्या पोटातली चिंचोळी मोकळी जागा येते. खिडकी उघडली की समोर शेजाऱ्यांचे कपडे.

तिच्या यादीतली खोली अशीच निघाली. जाहिरातीत तिसरा मजला. इथे तळमजल्यावर ‘एन्त्रेसुएलो’, मग ‘प्रिन्सिपाल’, आणि मग कुठे पहिला. म्हणजे आपला पाचवा! लिफ्ट नाही. जिन्यात दोन टुरिस्ट सुटकेसेस आपटत उतरत होते. दार उघडलं एका पन्नाशीच्या बाईनं. उत्साही. मी मैत्रिणीला चिमटा काढला.

बाईनं पाणी दिलं. किचन दाखवलं, फ्रिजमधला रिकामा कप्पा दाखवला. मग म्हणाली, दोन महिन्यांचं भाडं आज दिलंत तर खोली तुमची, संध्याकाळी आणखी चार जण येतायत. मैत्रिणीनं विचारलं, पत्त्याची नोंद होईल का? पालिकेच्या रजिस्टरमधली ही नोंद तिथे फार मोलाची. सरकारी दवाखान्यापासून रेसिडन्स कार्डापर्यंत ती पावलोपावली लागते. बाई म्हणाली, नाही. ती स्वतःच भाडेकरू होती. भाडं झेपेना म्हणून एक खोली परस्पर देत होती.

मी दाराकडे बघत होते. फिल्म बघताना ओरडले होते तसंच ओरडावंसं वाटलं, ‘चल, निघ इथून!’ पण मैत्रिणीचा हात पर्सकडे गेला होता. तेव्हा मला क्लारा आणि मारिओ पहिल्यांदा कळले. ते मूर्ख नव्हते हो. त्यांना घर हवं होतं, बस्स.

“उद्या सांगते,” असं ती कशीबशी म्हणाली. मेट्रोत बसेपर्यंत मेसेज आला. खोली गेली. ती रडली. त्या काळोख्या खोलीसाठी!

स्पेनमध्ये २०२३ च्या कायद्यानं कायम राहायच्या घराची दलाली मालकावर टाकली. पण तात्पुरते करार त्यातून निसटतात, आणि विद्यार्थ्यांच्या नशिबी बहुधा तेच. २०२४ मध्ये बार्सिलोना पालिकेनं जाहीर केलं, की नोव्हेंबर २०२८ पर्यंत दहा हजारांवर टुरिस्ट फ्लॅट्सचे परवाने संपवायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परवडणाऱ्या भाड्यासाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले.

मैत्रिणीला शेवटी शेजारच्या लोस्पितालेत शहरात खोली मिळाली. आधीचीहून लहान, पण नोंदीसकट. सामान टाकल्यावर तिनं मला कागदाचा फोटो पाठवला. त्यावर तिचं नाव आणि पत्ता. खाली लिहिलं होतं, “बघ, माझं घर!”

फिल्ममधली बाई त्या जोडप्याला हेच बजावत असते, हे तुमचं घर. तिथे ते ऐकताना अंगावर काटा येतो. मैत्रिणीला मात्र कुणीतरी एवढंच म्हणायला हवं होतं.

बार्सिलोनाला जरूर जा. मीही पुन्हा जाणार आहे. फक्त या वेळी हॉटेलात उतरेन.